शस्त्रखरेदीची लाट (अमेरिका)
सार्वजनिक भीतीच्या काळात बंदुका व काडतुसांच्या मागणीत होणारी अचानक वाढ. दंगल, साथ यांइतकीच नव्या निर्बंधांची नुसती कुणकुणही तिला पुरते. डिसेंबर २०१२ मधील सँडी हुक शाळेतील हत्याकांडानंतर कायदा कडक होणार या धास्तीने दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये प्रस्ताव बारगळला; तरी ०.२२ इंची साधी काडतुसेही पुढे बराच काळ मिळेनाशी झाली, कारण टंचाईच्या बोभाट्यानेच साठेबाजी वाढते आणि तात्पुरत्या मागणीसाठी नवी यंत्रे बसवायला कारखानदार कचरतात. विक्रीचा अंदाज एफबीआयमार्फत होणाऱ्या खरेदीदारांच्या पार्श्वभूमी-तपासण्यांवरून बांधतात. तो ढोबळच, कारण परवान्यांसाठीच्या तपासण्याही त्यांत मोजल्या जातात. करोनाच्या २०२० सालात त्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाख होती.