सकळ लिपी आणि किल्लीचे गणित

महानुभाव पंथाच्या वाङ्मयाचा इतिहास हा एका दृष्टीने किल्ल्यांचा इतिहास आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यांपैकी सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. परिणामी मराठी गद्याचा हा आद्य ठेवा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरील अभ्यासकांस जवळजवळ अज्ञात राहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडल्यावर त्याचे दार उघडले.

बिटकॉइनसारख्या कूटचलनाची खाजगी किल्ली कोणास केवळ योगायोगाने सापडू शकेल काय, असा प्रश्न आज विचारला जातो. त्याचा विचार या लिपीच्या साहाय्याने करता येतो.

सकळ लिपीचे मूळ तत्त्व वर्णांच्या अदलाबदलीचे आहे: एका वर्णाच्या जागी दुसरे चिन्ह योजावयाचे. मराठीची ३४ व्यंजने घेतली, तर अशी अदलाबदल किती प्रकारांनी संभवते? उत्तर येते सुमारे ३ वर ३८ शून्ये. कूटचलनाची किल्ली पुष्कळदा २०४८ शब्दांच्या ठराविक यादीतील १२ शब्दांच्या रूपाने जपली जाते. अशा ग्राह्य शब्दक्रमांची संख्या ३४ वर ३७ शून्ये, म्हणजे जवळजवळ तेवढीच. दर सेकंदास एक लाख कोटी क्रम तपासणारे यंत्र कल्पिले, तरी सर्व क्रम तपासण्यास विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट काळ लागेल. बिटकॉइनची मूळ किल्ली तर २५६ बिटांची असून तिचे संभव सुमारे १ वर ७७ शून्ये इतके आहेत. तेव्हा योगायोगाचा मार्ग व्यवहारतः बंद आहे, असे निःशंकपणे म्हणता येते.

मग तेवढ्याच संभवांची लिपी उलगडली कशी? कारण ती उलगडणाऱ्यास सर्व संभव तपासण्याची गरजच नसते. वर्ण बदलले तरी भाषा बदलत नाही. काही वर्ण वारंवार येतात, काही क्वचित. विभक्तिप्रत्यय शब्दांच्या अखेरीस ठरावीक जागी भेटतात. ‘गोसावी’सारखा शब्द पानोपानी पुनरावृत्त होतो. नवव्या शतकात बगदाद येथे अल्-किंदी याने वर्णांच्या वारंवारतेवरून गूढलेख वाचण्याची रीत लिहून ठेविली होती. एक वर्ण ओळखला की संभवांचा डोंगर एकदम ढासळतो. संख्येचे बळ भाषेच्या नियमबद्धतेपुढे टिकत नाही.

यावरून खाजगी किल्लीचे खरे संरक्षण कशात आहे हे कळते. ते केवळ तिच्या लांबीत नसून तिच्या निर्मितीतील यादृच्छिकतेत आहे. एखाद्याने म्हण, अभंगाचा चरण किंवा जन्मतारीख यांवरून किल्ली बनविली, तर तो पुन्हा सकळ लिपीच्याच स्थितीस येतो. मनुष्याची निवड हीदेखील एक भाषाच आहे. यंत्रही येथे चुकते. लिबबिटकॉइन या साधनाने निर्मिलेल्या किल्ल्यांत केवळ ३२ बिटांची यादृच्छिकता होती, असे २०२३ मध्ये उघड झाले. २५६ बिटांचा आव आणणाऱ्या त्या किल्ल्यांचे संभव वस्तुतः सुमारे ४२९ कोटीच होते आणि त्यांच्या आधारे चोऱ्या झाल्या.

या विवेचनाची दुसरी बाजू इतिहासाच्या विद्यार्थ्यास अधिक महत्त्वाची आहे. सकळ लिपी अपूर्ण कुलूप होती, म्हणूनच परक्या अभ्यासकासही ती उघडता आली आणि तिच्यातील ग्रंथ मराठीस परत लाभले. निर्दोष यादृच्छिक किल्लीने बंद केलेला लेख मात्र, किल्ली हरवल्यास, कोणत्याही राजवाड्यांना वाचता येणार नाही. जो गुण चोरास अडवितो, तोच संशोधकासही अडवील. ऋद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. वऱ्हाडातील हस्तलिखिते आणि कागदपत्रे यापुढे संगणकात साठविली जातील. त्यांतील जी कुलूपबंद ठेवावयाची, त्यांची किल्ली कोणाच्या हाती, कोणत्या परंपरेने जावयाची, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे. मठांनी गुरुशिष्यपरंपरेने किल्ल्या सांभाळल्या. आपल्या संस्थांना तेवढी तरी व्यवस्था लावलीच पाहिजे.