१२ व्होल्टचा छोटा कूलिंग फॅन कसा जोडायचा? वायरिंग, वेग आणि ऑटोमॅटिक कंट्रोल सोप्या भाषेत

खव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या भूममध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. बाजारपेठेतल्या अनेक दुकानांवर पत्रा असतो आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर वर, लाकडी पेटीत किंवा बंद कपाटात ठेवलेला असतो. दुपारी आधीच तापलेल्या त्या पेटीत डीव्हीआरची स्वतःची उष्णताही साचते.

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल तापमान साधारण ६० ते ७० अंश दिलेलं असतं. कपॅसिटरबाबत ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. डिस्क गेली तर फुटेजही जातं, आणि ते चोरीनंतरच लक्षात येतं. यावर स्वस्त उपाय म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला छोटा फॅन.

आधी लेबल वाचा

फॅनच्या मधल्या स्टिकरवर 'डीसी १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअर' असं काहीतरी लिहिलेलं असतं. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार म्हणजे वॅट. हा फॅन १.८ वॅटचा झाला. महिनाभर अखंड चालला तरी साधारण १.३ युनिट वीज लागेल.

अगदी असेच दिसणारे २३० व्होल्ट एसीचे फॅनही मिळतात. ते या लेखातल्या कुठल्याही जोडणीत चालणार नाहीत. नवशिक्यांनी १२ व्होल्टवरच काम करावं आणि मेन लाइनला हात लावू नये.

दोन, तीन की चार वायर?

- दोन वायर: लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस.
- तीन वायर: तिसरी वायर फॅन किती वेगात फिरतोय ते सांगते. बहुतेक फॅन एका फेरीत दोन पल्स देतात. म्हणून सेकंदाला ४० पल्स आले तर २० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्या.
- चार वायर: चौथी वायर वेग ठरवण्यासाठी. ती मोकळी सोडली तर फॅन पूर्ण वेगात फिरतो.

रंग कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे फक्त रंगावर विसंबू नका. नुसता फॅन फिरवायचा असेल तर प्लस आणि मायनस पुरेसे आहेत. बाकीच्या वायरींच्या टोकांना टेप लावून ठेवा.

साधी जोडणी

१२ व्होल्टचा डीसी अॅडॉप्टर घ्या. मल्टीमीटरने प्लस-मायनस तपासा, कारण उलट जोडल्यास काही फॅन नुसते फिरत नाहीत, पण काही कायमचे जातात. प्लसच्या वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाका. जोड नुसते पिळून सोडू नका. सोल्डर करा किंवा स्क्रू कनेक्टर वापरा.

डीव्हीआरच्याच अॅडॉप्टरवर फॅन जोडायचा मोह होतो. अॅडॉप्टर २ अँपिअरचा असेल आणि डीव्हीआर हार्ड डिस्कसह जवळपास तेवढाच करंट घेत असेल, तर फॅनला वेगळा अॅडॉप्टर द्या.

हवा कुठून कुठे?

बहुतेक फॅनमध्ये स्टिकर आणि आधाराच्या पट्ट्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. फ्रेमवर बाण असेल तर तो पाहा. पेटीत खालच्या बाजूला भोकं पाडा आणि फॅन वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल असा बसवा. गरम हवा वर जातेच, फॅन तिला मदत करतो. आत यायला वाट नसेल तर फॅन फक्त आवाज करेल.

आवाज कमी करायचा असेल तर

सर्वात सोपा मार्ग म्हणजे ९ व्होल्टचा अॅडॉप्टर. वेग कमी होतो, आवाजही कमी होतो. दुसरा मार्ग म्हणजे बक कन्व्हर्टर मॉड्यूल. त्यावरचा स्क्रू फिरवून हवा तो व्होल्टेज मिळतो. मात्र फॅन सुरू व्हायला जेवढा व्होल्टेज लागतो, त्यापेक्षा कमी व्होल्टेजवर तो फिरत राहू शकतो. म्हणून ठरवलेल्या व्होल्टेजवर फॅन बंद करून पुन्हा चालू होतो का, हे चार-पाच वेळा पाहा.

तापमान वाढलं की आपोआप चालू

यासाठी 'डब्ल्यू १२०९' नावाचं तयार मॉड्यूल मिळतं. त्यात सेन्सर, डिस्प्ले आणि रिले असतो. जोडणी अशी:

१. अॅडॉप्टरचा प्लस मॉड्यूलच्या '+१२ व्होल्ट' टर्मिनलला आणि तिथूनच 'के०' ला.
२. 'के१' मधून फॅनची लाल वायर.
३. अॅडॉप्टरचा मायनस मॉड्यूलच्या ग्राउंडला आणि फॅनच्या काळ्या वायरला.
४. मेन्यूमध्ये 'पी०' हे 'सी', म्हणजे कूलिंगवर ठेवा.
५. 'पी१' म्हणजे चालू आणि बंद होण्यातलं अंतर. ते ३ अंश ठेवा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. फॅन बाहेरची हवा आत आणतो, तो एसी नाही. दुकानात ४१ अंश असतील तर पेटी ४१ च्या खाली जाणारच नाही. त्यामुळे ३८ वर सेट केलेला फॅन दुपारभर थांबणार नाही. ४८ वर सेट केलात तर तो ४८ ला चालू होईल आणि ४५ ला बंद होईल. सेन्सर डीव्हीआरच्या वरच्या जाळीजवळ ठेवा, फॅनच्या झोतात नको.

अर्डुइनोने चालवायचा असेल तर

फॅन थेट अर्डुइनो ऊनोच्या पिनला जोडू नका. पिन २० मिलिअँपिअरपर्यंतच वापरणं योग्य, फॅनला १५० लागतात. मध्ये मॉस्फेट लावा. 'आयआरएलझेड ४४ एन' ५ व्होल्टवर पूर्ण उघडतो, 'आयआरएफझेड ४४ एन' मात्र तसा उघडत नाही. नावात एकाच अक्षराचा फरक असल्याने दुकानात गफलत होते. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि फॅनला समांतर उलटा डायोड लावा. डायोडची पट्टी प्लसकडे हवी. अर्डुइनो आणि अॅडॉप्टरचा ग्राउंड एकत्र जोडा, नाहीतर काहीच चालणार नाही.

चार वायरच्या फॅनला मॉस्फेट लागत नाही, पण कंट्रोल वायरवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल लागतो. अर्डुइनोची नेहमीची ४९० हर्ट्झ फ्रीक्वेन्सी चालत नाही. त्यासाठी टायमर १ ची सेटिंग बदलून पिन ९ किंवा १० वापरतात.

सामान कुठे मिळेल?

जुना फॅन गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मिळू शकतो. मॉड्यूल आणि मॉस्फेट ऑनलाइन मागवा, किंवा कुणी पुण्याला जाणार असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणायला सांगा.

देखभाल

महिन्यातून एकदा धूळ काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि डीव्हीआरमध्ये कालचं फुटेज खरंच दिसतंय का, तेही त्याच दिवशी उघडून पाहा.