जागा न सोडणारा गडी

फुटबॉलच्या खेळात नाव होते ते गोल मारणाऱ्याचे. ज्याने पन्नास वेळा गोल होऊ दिला नाही, त्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. देवळाच्या कळसाला सगळेच हात जोडतात. पायाच्या दगडाची चौकशी कोण करतो? म्हणूनच यंदा फराळाचे ताट थोडे बाजूला सारून वाचकांनी एका राखणदार गड्याची हकीकत ऐकावी, अशी माझी विनंती आहे. गडी नॉर्वे देशाचा. नाव आस्ब्योर्न हाल्वोर्सेन.

नॉर्वेतली सर्वांत लांब नदी ग्लोम्मा. तिच्या काठी, एका मोठ्या धबधब्याजवळ सार्प्सबोर्ग नावाचे गाव वसले आहे. लाकूड आणि कागदाचा लगदा यांच्या कारखान्यांवर पोट भरणारे हे कामकऱ्यांचे गाव. इथे १८९८ साली हाल्वोर्सेन जन्मला. अंगात वीज आणि डोके थंड, असा हा पोरगा अठरा वर्षांचा असतानाच, १९१७ साली, सार्प्सबोर्गच्या संघाने नॉर्वेचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि त्या संघात तो होता. पुढे १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेने ग्रेट ब्रिटनला ३-१ असे हरवले. ज्यांनी हा खेळ जगाला शिकवला, त्यांनाच एका चिमुकल्या देशाने घरी पाठवले! त्या पथकातही हाल्वोर्सेन होता.

त्याची जागा सेंटर-हाफची. त्या काळची मांडणी आजच्यापेक्षा निराळी होती. मागे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि आघाडीला पाच फॉरवर्ड. तीन हाफबॅकांतला मधला तो सेंटर-हाफ. समोरच्यांच्या चढाईची पहिली लाट त्याच्या छातीवर यायची, आणि चेंडू हिसकावून घेतल्यावर तो आपल्या आघाडीला पोचवायचाही त्यानेच. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यानंतर इंग्लंडमध्ये हा गडी दोन फुलबॅकांच्या मधोमध ओढला गेला. आज ज्याला आपण मधला डिफेंडर म्हणतो, तो त्याचाच वंशज. या जागेवर खेळणाऱ्याने आपली जागा सोडली की सारा संघ उघडा पडतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९२१ साली हाल्वोर्सेन जर्मनीतल्या हाम्बुर्ग या बंदराच्या शहरी गेला आणि तिथल्या हाम्बुर्ग स्पोर्ट क्लबाकडून खेळू लागला. पुढची बारा वर्षे ते शहर त्याचे झाले. लोक त्याला लाडाने ‘आस्सी’ म्हणत. १९२२ ची जर्मन अजिंक्यपदाची झुंज तर आजही सांगितली जाते. न्युरेंबर्गविरुद्धचा तो सामना १८९ मिनिटे चालला आणि २-२ अशा बरोबरीत अंधारामुळे थांबवावा लागला. पुन्हा सामना झाला. तोही १-१ असा बरोबरीत असताना न्युरेंबर्गचे सातच गडी मैदानात उरले, म्हणून पंचांनी खेळ थांबवला. अजिंक्यपद हाम्बुर्गला देऊ केले गेले; पण शेवटी हाम्बुर्गने त्यावर पाणी सोडले. त्या वर्षी कोणीच विजेता ठरला नाही. पुढल्याच साली, १९२३ मध्ये, त्यांनी तो मान मैदानात मिळवला आणि १९२८ साली पुन्हा एकदा मिळवला.

या दोन्ही विजयांत हाल्वोर्सेनच्या पुढे आघाडीवर खेळत होता ओटो हार्डर. त्यालाही टोपणनाव होते, ‘टुल’. उंचापुरा, दांडगा, जर्मनीसाठी १५ सामन्यांत १४ गोल करणारा. चेंडू अडवायचा आस्सीने आणि जाळ्यात धाडायचा टुलने, असा तो संसार. एका रंगाचे कपडे, एकच घाम, एकच जयघोष. या दोन नावांची जोडी वाचकांनी मनात जपून ठेवावी. कारण गोष्टीचे मर्म तिथेच आहे.

१९३३ च्या जानेवारीत हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता आली. ज्यू खेळाडूंना क्रीडासंघांतून काढून टाकणे सुरू झाले. हार्डर १९३२ मध्येच नाझी पक्षाचा सभासद झाला होता. १९३३ मध्ये तो एस्‌एस्‌ या काळ्या गणवेशाच्या दलात शिरला. त्याच वर्षी हाल्वोर्सेनने बारा वर्षांचे हाम्बुर्ग सोडले आणि तो मायदेशी परतला. पुढे तो नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेचा सरचिटणीस झाला आणि राष्ट्रीय संघाच्या तयारीची धुराही त्याने उचलली.

७ ऑगस्ट १९३६. स्थळ बर्लिनचे पोस्ट स्टेडियम, प्रसंग ऑलिंपिकचा. पहिल्या फेरीत जर्मनीने लक्झेंबर्गला ९-० असे चिरडले होते. तेव्हा नॉर्वे ती काय बिशाद! पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावे म्हणून जर्मनांनी आपले काही चांगले खेळाडू बाहेरच बसवले. खुद्द हिटलर गोबेल्स, गोरिंग यांच्यासह सामना पाहायला आला होता. सातव्या मिनिटाला माग्नार इसाक्सेनने गोल केला. मग जर्मनांची चढाईवर चढाई आणि नॉर्वेच्या बचावाची भिंत, असा खेळ चालला. अखेरची काही मिनिटे उरली असताना इसाक्सेननेच दुसरा गोल मारला. २-०! सामना संपण्यापूर्वीच हिटलर उठून गेला. जर्मन खेळाची नस न्‌ नस बारा वर्षांत ओळखलेला माणूस नॉर्वेच्या बाकावर बसला होता, हे विसरून चालणार नाही. पुढे इटलीने जादा वेळात नॉर्वेला हरवले. पण पोलंडवर ३-२ अशी मात करून या संघाने कांस्यपदक मिळवले. नॉर्वेत आजही त्याला ‘ब्राँझ संघ’ म्हणूनच ओळखतात. १९३८ च्या विश्वचषकात मार्सेयला याच संघाने इटलीला पुन्हा जादा वेळापर्यंत झुंजवले आणि तो १-२ असा हरला. इटली त्या वर्षी जगज्जेता ठरला.

इथवरची गोष्ट मैदानातली. आता मैदानाबाहेरची.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या राजवटीने सगळ्या क्रीडासंघटना आपल्या मुठीत घेण्याचा हुकूम काढला. त्यावर नॉर्वेच्या खेळाडूंनी जे केले, त्याला इतिहासात फारशी तोड नाही. त्यांनी खेळणेच बंद केले. सरकारी सामने जाहीर होत, पंच येत नसत. पंच सापडले तर गडी येत नसत. गडी जमवले तर प्रेक्षक फिरकत नसत. ज्यांना खेळल्यावाचून राहवत नसे ते रानात, आडबाजूला चोरून सामने भरवीत. ना दगड उचलला, ना बंदूक. नुसती ओस मैदाने. या क्रीडा-असहकाराचा एक प्रमुख सूत्रधार होता हाल्वोर्सेन. १९४२ च्या वसंतात त्या देशातल्या शिक्षकांनीही नाझींच्या संघात नाव घालायला नकार दिला आणि सुमारे ११०० शिक्षक तुरुंगात गेले. मी स्वतः खडू हातात धरणारा माणूस; ही ओळ लिहिताना ऊर भरून येतो.

त्याच १९४२ सालच्या उन्हाळ्यात हाल्वोर्सेनला पकडले. आधी ओस्लोजवळची ग्रीनीची छावणी; मग १९४३ मध्ये आल्सासच्या डोंगरातली नात्स्वाइलर. तिथे कैद्यांकडून ग्रॅनाइटची खाण खोदून घेत. त्या छावणीत धाडलेल्या नॉर्वेजियनांपैकी जवळजवळ निम्मे परत आले नाहीत. आणि शेवटी त्याला नेले ते नॉयएनगामला.

नॉयएनगाम कुठे आहे? हाम्बुर्गला! ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच शहराच्या आग्नेय टोकाला. विटांच्या कारखान्याभोवती उभारलेल्या या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत १ लाखाच्या आसपास माणसे कोंडली गेली, त्यांतली ४० हजारांहून अधिक मेली. याच नॉयएनगामच्या पहाऱ्यावर टुल हार्डर नोकरीला होता. १९४४ च्या अखेरीस त्याला बढती मिळून तो हानोव्हरजवळच्या आलेम इथल्या उपछावणीचा प्रमुख झाला होता. तिथे पोलंडमधून आणलेले ज्यू कैदी जमिनीखाली बोगदे खोदता खोदता मरत होते. एका संघाचे दोन गडी. एक तारेच्या आत, दुसरा तारेच्या बाहेर!

१९४५ च्या वसंतात स्वीडनच्या रेडक्रॉसने काउंट फोल्के बर्नाडोट यांच्या पुढाकाराने पांढऱ्या रंगाच्या बसगाड्या जर्मनीत धाडल्या आणि नॉयएनगाममध्ये गोळा केलेले नॉर्वे-डेन्मार्कचे कैदी सोडवून नेले. त्यात हाल्वोर्सेनही वाचला. शरीर खंगलेले, हाडांवर कातडे उरलेले. पण घरी येऊन तो पुन्हा आपल्या सरचिटणीसाच्या खुर्चीत बसला आणि मोडलेला खेळ उभारू लागला. जानेवारी १९५५ मध्ये उत्तरेकडल्या नार्विक गावी त्याला मरण आले. वय अवघे ५६.

हार्डरवर १९४७ मध्ये हाम्बुर्गलाच ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला. १५ वर्षांची सजा झाली. पण १९५१ सालीच तो सुटला आणि १९५६ मध्ये वारला. १९७४ चा विश्वचषक जर्मनीत भरला, तेव्हा हाम्बुर्ग शहराच्या एका माहितीपुस्तिकेत आदर्श खेळाडू म्हणून हार्डरचे नाव छापले गेले होते. कोणाच्या तरी लक्षात आले आणि ती पाने घाईने काढून टाकावी लागली. गोल मारणारा लोकांच्या लक्षात राहतो तो असा.

खेळाने शील घडते, हे वाक्य आम्ही मास्तर लोक दर बक्षीस-समारंभात म्हणतो. ही हकीकत ऐकल्यावर ते जरा जपून म्हणावेसे वाटते. मैदानाने आस्सीला आणि टुलला सारखेच दिले: बळकट पाय, धीर, सोबत्यांवर भरवसा, शिटी वाजली की थांबण्याची शिस्त. पण ती शिटी कोणाच्या तोंडात आहे, आणि कोणती शिटी ऐकायची नाही, हे मैदान शिकवीत नाही. ते घरी शिकावे लागते, आईच्या मांडीवर, वडिलांच्या वागण्यातून, थोडेफार शाळेतही. म्हणून मुले चेंडू घेऊन धावत असतील तर त्यांना खुशाल धावू द्यावे. फक्त दमून घरी आली की एखाद्या संध्याकाळी, पणत्यांच्या उजेडात, त्यांना जवळ बसवून ही दोन माणसांची गोष्ट सांगावी. आणि त्यांनी विचारलेच की दोघांत मोठा कोण, तर उत्तर त्यांचे त्यांनाच देऊ द्यावे.