भोपाळ वायुदुर्घटना आणि मानसिक आघाताचा अभ्यास : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत पसरले. जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प अशा कारखान्यालगतच्या वस्त्यांतील कष्टकरी हिंदू व मुस्लिम कुटुंबांना त्याची झळ सर्वाधिक बसली. या दुर्घटनेच्या कायदेशीर व वैद्यकीय बाजूंवर विपुल लेखन झाले आहे. मात्र वाचलेल्या माणसांच्या मनोव्यथेचा अभ्यास कसा सुरू झाला, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली.

मनोविकारतज्ज्ञांविना मदतकार्य

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्येच स्वीकारला गेला होता. तरीही दुर्घटनेच्या वेळी मध्य प्रदेशातील पाचही वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकवर्गात मनोविकारतज्ज्ञ नव्हता. साहजिकच हमीदिया रुग्णालयात व वस्त्यांतील दवाखान्यांत सारा भर डोळे व फुप्फुसे यांच्या उपचारांवर राहिला. झोप न लागणे, छातीत धडधडणे, दम लागणे, कशातच मन न रमणे या तक्रारी वायूमुळे की आघातामुळे, हे सामान्य डॉक्टरांना ठरवता येत नसे. काहींनी तर नुकसानभरपाईसाठी केलेले ढोंग म्हणून त्यांची बोळवण केली.

संशोधनाचा प्रारंभ

फेब्रुवारी १९८५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने मानसिक परिणामांची पाहणी सुरू झाली. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. बी. सेठी यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. सेठी यांच्या चमूने १० शासकीय दवाखान्यांतील ८५५ रुग्णांची चाळणी केली. त्यांपैकी १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्के रुग्णांना, मानसिक विकार असल्याचे निष्पन्न झाले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते. नैराश्य व चिंता हे विकार प्रामुख्याने आढळले. हे प्रमाण दवाखान्यात आलेल्या रुग्णांपुरते आहे, संपूर्ण शहराचे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. परंतु शारीरिक तक्रार घेऊन आलेल्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाचे दुखणे मनाचेही होते, हे यातून प्रथमच सिद्ध झाले.

तज्ज्ञ मोजकेच असल्याने मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात आले व त्यांच्यासाठी पुस्तिका तयार करण्यात आली. आपत्तीतील मानसोपचार सामान्य डॉक्टरांच्या हाती सोपविण्याचा भारतातील हा आरंभीचा प्रयोग होय. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही वाचलेल्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला.

आत्महत्येच्या जोखमीचा प्रश्न

भोपाळच्या आरंभीच्या अभ्यासाचा मुख्य विषय आत्महत्या हा नव्हता. तथापि नैराश्य व आघातोत्तर ताणविकार आत्महत्येची जोखीम वाढवितात, हे जगभरच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. आप्तांचा मृत्यू, गेलेला रोजगार, दीर्घ आजार आणि न्यायासाठीची प्रतीक्षा यांचा भार भोपाळमध्ये एकाच घरावर पडला. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड होऊनही क्ष-किरणात न दिसणाऱ्या व्यथेचा पुरावा देणे पीडितांना अवघडच राहिले.

कायद्याची दृष्टीही सावकाश बदलली. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ची सर्वसाधारण तरतूद ठेवलेली नाही.

समारोप

भोपाळचा धडा महाविद्यालयीन शिक्षकांनाही लागू पडतो. वारंवार डोकेदुखीची तक्रार करणारा किंवा अचानक अबोल झालेला विद्यार्थी बहाणा करीत आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, असे आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही. उलट मदतीची वाट मोकळी होते. २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकावरील विनामूल्य सेवा त्यासाठी उपलब्ध आहे. भोपाळमध्ये तज्ज्ञ दोन महिन्यांनी पोहोचले, दुःख मात्र पहिल्या रात्रीपासूनच होते. ते ओळखण्यासाठी प्रथम रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला.