डे-केअर अँजिओप्लास्टी

डे-केअर अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील अडथळा फुगा व स्टेंट यांच्या साहाय्याने दूर केल्यानंतर रुग्णाला रुग्णालयात रात्रभर न ठेवता त्याच दिवशी घरी पाठवण्याची पद्धत होय. ही पद्धत मुख्यतः पूर्वनियोजित आणि गुंतागुंतीविना पार पडलेल्या उपचारांसाठी वापरली जाते. हृदयविकाराचा तीव्र झटका आल्यावर तातडीने कराव्या लागणाऱ्या अँजिओप्लास्टीला ती सहसा लागू होत नाही. या पद्धतीत रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, उपचार मात्र संपत नाही. औषधे व देखरेख यांची जबाबदारी त्याच रात्रीपासून रुग्ण व कुटुंबीयांवर येते.

इतिहास

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे पहिली हृदयधमनी-अँजिओप्लास्टी केली. त्या काळी फुग्याने रुंद केलेली धमनी काही तासांत अचानक पुन्हा बंद पडण्याची भीती असे. शिवाय नलिका जांघेतील धमनीतून घातली जात असल्याने रक्तस्राव टाळण्यासाठी रुग्णाला पाय सरळ ठेवून बराच वेळ पडून राहावे लागे. त्यामुळे रुग्णालयातील मुक्काम अपरिहार्य होता.

१९८६ मध्ये मनुष्याच्या हृदयधमनीत स्टेंट बसवण्यास प्रारंभ झाला. पुढे स्टेंट व रक्तबिंबिकांना एकत्र चिकटू न देणारी औषधे यांच्या वापराने धमनी अचानक बंद पडण्याचा धोका बराच कमी झाला. १९८९ मध्ये कॅनडातील ल्युसियाँ काँपो यांनी मनगटातील धमनीतून केलेल्या अँजिओग्राफीचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली. मनगटातील धमनी त्वचेलगत असल्याने ती बाहेरून सहज दाबून ठेवता येते आणि रुग्णाला लवकर उठून चालता येते.

संशोधन

क्वेबेक येथील 'ईझी' चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मनगटातून स्टेंट बसवलेल्या १,००५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. त्याच दिवशी घरी गेलेल्या गटाचे निष्कर्ष रात्रभर थांबलेल्या गटापेक्षा वाईट आढळले नाहीत. मात्र दोन्ही गटांना दिलेल्या एका औषधाची पद्धतही वेगळी होती. नेदरलँड्समधील 'ईपॉस' चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील ८०० रुग्णांवर जांघेतून उपचार झाले होते. त्याच दिवशी घरी पाठवायचे ठरलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांना प्रत्यक्षात अधिक काळ देखरेखीखाली ठेवावे लागले. म्हणजेच घरी पाठवण्याचा निर्णय आधी ठरवून न ठेवता उपचारानंतरच्या स्थितीवरून घ्यावा लागतो.

रुग्णाची निवड

उपचारानंतर साधारणतः चार ते सहा तास रुग्णावर लक्ष ठेवले जाते. या काळात रक्तदाब, ईसीजी, नलिका घातलेली जागा आणि हातापायाची नाडी तपासली जाते. घरी सोडण्यापूर्वी रुग्णाच्या छातीत दुखत नसावे, त्याला आधाराविना चालता यावे आणि रक्तस्राव थांबलेला असावा. पहिल्या रात्री सोबतीला प्रौढ व्यक्ती, जवळचा दूरध्वनी आणि वेळेत रुग्णालयात पोहोचण्याची सोय या बाबीही तितक्याच महत्त्वाच्या मानल्या जातात.

गंभीर मूत्रपिंडविकार, हृदयाची क्षीण कार्यक्षमता, धमनीची उपशाखा बंद होणे किंवा उपचारादरम्यान धमनीचे अस्तर फाटणे अशा परिस्थितीत रुग्णाला रुग्णालयातच ठेवले जाते. एकट्या राहणाऱ्या किंवा दूरच्या गावी परतणाऱ्या रुग्णाची प्रकृती उत्तम असली, तरी त्याला एक रात्र थांबवणे इष्ट ठरते.

घरी गेल्यानंतर

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होणे ही विरळ, परंतु जीवघेणी गुंतागुंत आहे. ती टाळण्यासाठी ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीने क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर यांसारखे औषध दिले जाते. ही जोडी किती महिने घ्यायची, हे डॉक्टर रुग्णागणिक ठरवतात. बरे वाटते म्हणून किंवा दात काढण्यासारख्या कारणासाठी हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता ती बंद करणे धोक्याचे असते. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या रुग्णालयातून निघतानाच हाती असणे आवश्यक मानले जाते.

मनगटातून रक्त येऊ लागल्यास त्या जागी घट्ट दाब देऊन मदत मागवावी लागते. छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ येणे, बोटे बधिर वा निळसर पडणे किंवा जांघेत सूज वाढणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. त्या दिवशी स्वतः वाहन चालवणे आणि काही दिवस त्या हाताने जड वजन उचलणे टाळले जाते. अनेक केंद्रांतून दुसऱ्या दिवशी रुग्णाची दूरध्वनीवरून विचारपूस केली जाते.

प्रसार

अमेरिकेत पूर्वनियोजित अँजिओप्लास्टीनंतर त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांचे प्रमाण २००९ मध्ये पाच टक्क्यांहून कमी होते; २०१७ च्या अखेरीस ते एकचतुर्थांशाहून अधिक झाले. कोविड-१९ च्या साथीत खाटा मोकळ्या ठेवण्याच्या गरजेने या पद्धतीला आणखी चालना मिळाली. भारतात अनेक आरोग्यविमा पॉलिसींमध्ये किमान २४ तासांच्या मुक्कामाची अट असते आणि डे-केअर उपचारांना तिच्यातून सूट दिलेली असते. ही सूट आपल्या उपचाराला लागू आहे की नाही, याची खात्री विमाधारकाने आधीच करून घेणे हिताचे ठरते.