एस.टी.तली जागा हा समतेचाच प्रश्न आहे



१९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. महार गिऱ्हाईक बसवणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी आपल्याच माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या माणसाने हाकला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. रस्ता सरकारी होता, पण प्रवास जातीच्या हातात होता.

म्हणून सार्वजनिक गाडीचा इतिहास आपण आपला इतिहास म्हणून वाचला पाहिजे. निजामाच्या राज्यात, जिथे तेव्हा आपला बीड जिल्हा होता, १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावली. तिकीट काढले की शेजारी कोण बसला हे विचारायचा हक्क उरत नाही. ही साधी गोष्ट नव्हे.

आज तो हक्क दुसऱ्या वाटेने आटतो आहे. बीड शहर बायपासपर्यंत पसरले. शेते एन.ए. झाली, प्लॉट पडले, शाळा-कॉलेज बाहेर गेले. या आखणीत दारात मोटारसायकल असलेला माणूस धरलेला असतो. खेड्यातून येणाऱ्या पोरीला स्टँडवर उतरून पुन्हा रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. शिवाय शहरातल्या कोंडीत गाडी अडकली की तिची दिवसाची एखादी फेरी बुडते. म्हणजे गाड्या तेवढ्याच राहिल्या तरी जागा कमी होतात.

काहीजण म्हणतात, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले म्हणून गर्दी वाढली. आम्ही विचारतो, त्यांना आधी प्रवासाची गरज नव्हती काय? गरज होती, पैसे नव्हते. सवलत दिली तर फेऱ्याही वाढवायला नकोत काय?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला रेल्वे आली. आनंदच आहे. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले सुमारे ८० टक्के लोक खेड्यात होते. त्यांच्या वस्तीवर रेल्वे येणार नाही, एस.टी.च यायची.

तेव्हा तरुणांनो, विकास आराखड्यावर हरकती मागवल्या की आपली हरकत गेली पाहिजे. नव्या लेआउटला थांबा कुठे, फेऱ्या किती, हे लेखी विचारा. आपल्या गावाच्या गाडीत किती जण उभे राहतात ते आठवडाभर मोजा आणि तो आकडा आगारप्रमुखापुढे ठेवा. शिकायला जायचे तर आधी पोचता आले पाहिजे.