पुशरॉडची बरोबर लांबी कोणती?

साधारण १९९० च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे आमच्या शेताच्या विहिरीवर एक डिझेल इंजिन होते. आंबिया बहराची संत्री झाडावर होती आणि इंजिन बंद पडले. पाणी आटून हेड तापले, वाकले. ते घासून सपाट करून आणले (ही त्या हेडची तिसरी घासणी), पुन्हा बसवले, तर हँडल अगदी हलके फिरू लागले. म्हणजे सिलिंडरमध्ये दाबच राहत नव्हता. मिस्त्री म्हणाले, "व्हॉल्व्ह बसत नाही. पुशरॉड लांब पडतो." वडील हसले. "लोखंडाचा रॉड लांबतो का कधी?" मिस्त्री म्हणाले, "रॉड नाही लांबला भाऊ, हेड खाली आलं."

हे उत्तर आम्हाला समजायला बरीच वर्षे लागली. अशा इंजिनात कॅम खाली, क्रँकजवळ असतो आणि व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये. कॅमची उचल वर पोचवणारी काठी म्हणजे पुशरॉड. तो रॉकरचे एक टोक वर ढकलतो, तेव्हा दुसरे टोक व्हॉल्व्ह खाली दाबते. हेड घासले की रॉकरचा टेकू कॅमच्या जवळ येतो. व्हॉल्व्हची बैठक खोल केली की त्याच्या दांड्याचे टोक वर सरकते. दोन्हींचा परिणाम एकच : तोच रॉड आता जास्त लांब ठरतो आणि व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो. ही तफावत खाण्यासाठी रॉकरवर टॅपेटचा स्क्रू असतो. पण आमचा स्क्रू आधीच्या दोन घासण्यांतच संपला होता.

मग वडिलांनी वर्ध्याहून नवे रॉड आणले. तेही बसेनात! दुकानदाराने फसवले नव्हते. रॉड कंपनीच्या नकाशाप्रमाणे तंतोतंत होते. पण आमचे इंजिन आता त्या नकाशातले राहिले नव्हते.

या गोंधळामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. जुन्या कारखान्यात प्रत्येक भाग शेजारच्या भागाला कानशीने घासून बसवला जाई. 'फिटर' हा शब्द त्याच काळाची खूण आहे. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला चालेलच असे नव्हते. स्वीडनमधील एस्किलस्टुना येथील बंदूक कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास यावर एक सुंदर तोड काढली : अत्यंत सपाट पोलादी ठोकळ्यांचा संच. १०२ ठोकळे निरनिराळ्या प्रकारे एकमेकांवर रचून सुमारे वीस हजार मापे मिळत. आता रॉड करणाऱ्याने इंजिन पाहण्याची गरज उरली नाही. त्याने माप पाळायचे, बस्स.

महाराष्ट्रात हे तंत्र शेतीच्या अवजारांमागून आले. धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्याजवळ लोखंडी नांगरांचा कारखाना काढला आणि १९३३ मध्ये तिथे भारतातले पहिले डिझेल इंजिन तयार झाले. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते!) किर्लोस्करही आधी नांगर करत, त्यांची ऑइल इंजिन कंपनी १९४६ ची, पुण्याची. तिचे 'एव्ही-१' हे पाच अश्वशक्तीचे, ८० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरचे इंजिन इतके रुळले, की पुढे ते अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही जाऊन बसले. राजकोटला इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या नमुन्यावर संथ इंजिने होऊ लागली. त्यांत सिलिंडरखाली पातळ चकत्या घालून उंची कमीजास्त करता येते. चकती वाढवली की हेड वर जाते आणि तोच पुशरॉड आखूड ठरतो. म्हणजे आमच्या दुखण्याच्या नेमके उलट.

मध्येच एक हिशेब. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात थंड असताना सुमारे ०.२ मि.मी. फट का ठेवतात? समजा, व्हॉल्व्हचा दांडा १०० मि.मी. लांब आहे आणि तो आजूबाजूच्या हेडपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला ०.००००१२ धरला, तर दांडा ०.२४ मि.मी. वाढेल. फट आणि वाढ एकाच पंगतीतली निघाली! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून त्याची फट बहुधा थोडी जास्त असते. नववीच्या वर्गात हे गणित जरूर घालावे.

तर आमच्या मिस्त्रींनी काय केले? जुना रॉड मधोमध कापला आणि दोन्ही तुकड्यांना आटे पाडून मध्ये बोल्ट व नट बसवला. झाला कमीजास्त होणारा रॉड. टॅपेटचा स्क्रू मध्यावर ठेवला, कॅमचा फुगवटा खाली फिरवला आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना नट फिरवत नेला. रॉड दोन बोटांत गरगर फिरावा, पण वरखाली हलू नये, तिथे थांबले. रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर मध्यभागी घासतो की कडेला, हे टोकाला निळा रंग लावून पाहिले. कडेला घासला तर दांडा एका बाजूने झिजतो. मग नव्या रॉडची एका टोकाची वाटी काढून दांडा कापला आणि वाटी परत ठोकली. दोन्ही रॉड काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी उभे केले आणि माथ्यांवरून नख फिरवले. नख अडखळले की पुन्हा घासायचे. दुसऱ्या व्हॉल्व्हसाठीही हेच सारे पहिल्यापासून.

त्यांच्याकडे एवढ्या लांबीचा व्हर्नियर नव्हता. रॉड किती मिलिमीटरचा झाला, हे त्यांनी शेवटपर्यंत मोजले नाही. ठरलेल्या लांबीशी ताडून पाहणे, एवढेच केले. योहान्सनचे ठोकळेही कारखान्यात हेच काम करतात. फक्त त्यांची लांबी जगभर एकच असते आणि मिस्त्रींची त्या एका इंजिनापुरती होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सुरू झाले. नकाशाबरहुकूम केलेले दुसरे दोन रॉड वडिलांनी हौसेने जादा आणून ठेवले होते. पुढे विजेचा पंप आला, तरी ते कागदात गुंडाळलेले तसेच होते.